परदेशातील अध्यापनसेवा : शासकीय की खासगी? ग्रामीण विदर्भातील अध्यापकांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : परदेशात अध्यापनाची संधी चालून आल्यास शासकीय संस्था निवडावी की खासगी, हा प्रश्न ग्रामीण भागातील अनेक अध्यापकांसमोर उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील अनुदानित व विनाअनुदानित संस्थांचा अनुभव नकळत परदेशावर आरोपित केला जातो. प्रस्तुत लेखात या आरोपणाची चिकित्सा केली असून, आफ्रिका, आखाती देश, शेजारी राष्ट्रे, इंग्लंड आणि अमेरिका येथील परिस्थितीचा आढावा घेतला आहे. संस्थेच्या मालकीपेक्षा कराराचे स्वरूप, वेतनाचे चलन, नियामक यंत्रणा आणि मायदेशी परतल्यानंतर त्या सेवेचे मूल्य या बाबी अधिक निर्णायक ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परदेशातील अध्यापन, कंत्राटी सेवा, सेवागणना, असाधारण रजा, तासिका तत्त्व.

1. प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील उमरेड हे तालुक्याचे ठिकाण नागपूरपासून सुमारे 45 किलोमीटर अंतरावर आहे. कोळशाची खाण, सोयाबीन आणि धानाची शेती व आसपासच्या खेड्यांतून येणारा विद्यार्थिवर्ग ही या परिसराची ओळख होय. येथील, तसेच भिवापूर आणि कुही परिसरातील पदवीधर तरुण एम.ए., एम.एस्सी., बी.एड., नेट, सेट अशी पात्रता मिळवितात. परंतु पात्रता आणि पद यांमधील अंतर मात्र वाढतच जाते. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गाला शिकविणारा तासिका तत्त्वावरील अध्यापक मात्र घेतलेल्या तासांपुरतेच मानधन घेतो. उन्हाळ्याच्या सुटीत त्याचे उत्पन्न थांबते आणि पुढील सत्रात आपण असू की नाही, याची त्याला खात्री नसते.

अशा स्थितीत परदेशातील अध्यापनाची जाहिरात आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. एखाद्या अध्यापकासमोर एकाच वेळी दोन प्रस्ताव येतात. एक आफ्रिकेतील शासकीय विद्यापीठाचा, तर दुसरा आखातातील खासगी शाळेचा. घरातील वडीलधारी मंडळी साहजिकच "सरकारी ते सरकारी" असा सल्ला देतात. हा सल्ला महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेला आहे. तो परदेशात कितपत लागू पडतो, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

2. 'शासकीय' आणि 'खासगी' : संकल्पनांची फोड

महाराष्ट्रात 'सरकारी नोकरी' या एका शब्दात अनेक गोष्टी एकवटलेल्या असतात : सेवेची शाश्वती, निश्चित वेतनश्रेणी, रजेचे हक्क, निवृत्तिवेतन आणि समाजातील प्रतिष्ठा. खासगी व्यवस्थापनाच्या अनुदानित महाविद्यालयातील पदही वेतन शासनाकडून मिळत असल्यामुळे व्यवहारात 'सरकारी'च मानले जाते. यांपैकी निवृत्तिवेतनाची बाजू 1 नोव्हेंबर 2005 नंतर नियुक्त झालेल्यांसाठी अंशदायी योजनेमुळे बदलली; परंतु शब्दाचे वलय कायम राहिले.

परदेशात हे सर्व गुण एकत्र नांदत नाहीत. तेथील शासकीय संस्थेत स्थानिक नागरिकाला शाश्वती असते. परकीय अध्यापक मात्र बहुधा एक, दोन किंवा तीन वर्षांच्या करारावर असतो. स्थानिक उमेदवार उपलब्ध होताच परकीयाची जागा त्याला द्यावयाची, हे अनेक देशांचे घोषित धोरण आहे. ओमानमधील ओमानीकरण हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणजे ज्या शाश्वतीसाठी 'सरकारी' संस्था निवडावयाची, ती शाश्वती परकीयाला तेथे बहुधा उपलब्धच नसते.

उमरेडच्या वाचकाला हा भेद समजावून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी, म्हणजेच सार्वजनिक उपक्रम आहे. सार्वजनिक कोळसा खाणींत कंपनीच्या हजेरीपटावरील कामगार आणि कंत्राटदाराचा कामगार हे दोघेही एकाच खाणीत राबतात. खाण सरकारी असली, तरी दोघांचे वेतन, वैद्यकीय सोयी आणि भविष्य सारखे नसते. परदेशातही काही शासकीय महाविद्यालये आपले परकीय अध्यापक मनुष्यबळ पुरविणाऱ्या खासगी कंपन्यांमार्फत घेतात. अशा वेळी अध्यापकाचा मालक महाविद्यालय नसून ती कंपनी असते. म्हणूनच "संस्था कोणाची?" या प्रश्नाआधी "नियुक्तिपत्रावर स्वाक्षरी कोणाची?" हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

3. पूर्वसूरींचा अनुभव

मराठी माणसाने परदेशात अध्यापन करण्याची परंपरा जुनी आहे. वर्धा येथे जन्मलेले आणि वर्धा-नागपूर येथे शिकलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक अमेरिकेत कृषिशास्त्र शिकले. 1924 मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मका व गहू यांवरील संशोधनाबरोबरच शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविण्याचे कार्य त्यांनी केले. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. 2022 मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ही शासकीय संस्थेतील सेवा होती. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत शेती व शिक्षण हे राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमाचे विषय होते, म्हणूनच तेथे त्यांच्या कार्याला वाव मिळाला. शासकीय सेवेचे बळ राज्याच्या धोरणातून येते, हे यावरून दिसते.

पाली भाषेचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी दोन्ही प्रकारच्या संस्था अनुभवल्या. हार्वर्ड या खासगी विद्यापीठात 1910 पासून त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. तेथे संपादकत्वाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि तो ग्रंथ 1950 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाला. 1929 मध्ये ते लेनिनग्राड येथील सोव्हिएत शासनाच्या संस्थेत पाली शिकविण्यास गेले. त्याआधी कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाचे काम सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा 50 रुपयांची वृत्ती स्वीकारली होती. कारण त्यांना महाराष्ट्रात राहून लेखन करावयाचे होते. संस्थेची निवड त्यांनी वेतनावरून किंवा मालकीवरून न करता कार्याच्या हेतूवरून केली. त्याचबरोबर, केलेल्या शैक्षणिक कामाचे श्रेय व हक्क आधीच लेखी ठरविणे किती आवश्यक असते, हेही हार्वर्डच्या प्रसंगातून ध्यानात येते.

4. प्रदेशनिहाय स्वरूप

4.1 आफ्रिका : भारतीय अध्यापकांना शासकीय संस्थांनी मोठ्या संख्येने बोलावण्याची परंपरा आफ्रिकेत आढळते. इथिओपियातील शाळांत भारतीय शिक्षक सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून होते. 2000 नंतर तेथे नव्या शासकीय विद्यापीठांचा झपाट्याने विस्तार झाला, तेव्हा भारतीय प्राध्यापकांची मागणी पुन्हा वाढली. नायजेरियात तेलाच्या उत्पन्नाच्या बळावर 1976 मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली आणि भारतीय शिक्षक तेथे गेले. पुढे 1986 च्या आर्थिक पुनर्रचनेत नायरा या चलनाचे मूल्य कोसळले आणि स्थानिक चलनात वेतन घेणाऱ्यांच्या बचतीला मोठी झळ बसली. इथिओपियानेही जुलै 2024 मध्ये बिर या चलनाचा विनिमयदर बाजारावर सोपविला. त्यानंतर काही आठवड्यांतच एका डॉलरसाठी सुमारे 57 ऐवजी 100 हून अधिक बिर मोजावे लागू लागले. करारात वेतन डॉलरमध्ये लिहिलेले असेल तर अध्यापक सुरक्षित राहतो. बिरमध्ये लिहिलेले असेल तर त्याने मायदेशी पाठविलेली रक्कम जवळपास निम्मी होते. येथे शासकीय मालकी कोणतेही संरक्षण देत नाही.

राजकीय अस्थैर्याचा धोकाही शासकीय संस्थेला टळत नाही. लिबियातील सिर्त विद्यापीठात शिकविणाऱ्या चार भारतीयांचे जुलै 2015 मध्ये अपहरण झाले. दोघांची सुटका काही दिवसांतच झाली. उर्वरित दोघांना सप्टेंबर 2016 पर्यंत वाट पाहावी लागली.

4.2 आखाती देश : आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा प्रामुख्याने खासगी किंवा समाजाने चालविलेल्या आहेत. त्यांचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून असते. 2020 च्या महासाथीत पालकांचे रोजगार गेले, शुल्क थकले आणि अनेक शाळांत वेतनकपात झाली. असे असले तरी, खासगी म्हणजे अनियंत्रित असा समज करून घेणे योग्य नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत 2009 पासून खासगी क्षेत्रातील वेतन बँकेमार्फत देण्याची वेतनसंरक्षण व्यवस्था आहे. दुबईत खासगी शाळांची नियमित तपासणी करणारे स्वतंत्र प्राधिकरण 2006 पासून कार्यरत आहे.

अमिरातीच्या कायद्यानुसार किमान एक वर्षाच्या सेवेनंतर, पहिल्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षासाठी 21 दिवसांचे आणि त्यानंतर 30 दिवसांचे वेतन सेवाअखेर उपदान म्हणून मिळते. मात्र ही गणना एकूण वेतनावर होत नाही, ती मूळ वेतनावर होते. समजा, दोन शाळा दरमहा 5,000 दिरहॅम देऊ करतात. पहिलीच्या करारात मूळ वेतन 3,000 आहे, तर दुसरीच्या करारात 1,500. चार वर्षांनंतर पहिल्या शाळेतील शिक्षकाला 8,400 दिरहॅम उपदान मिळेल; दुसऱ्या शाळेतील शिक्षकाला 4,200. दरमहा हातात येणारी रक्कम तीच असूनही शेवटी मिळणारी रक्कम निम्मी होते. जाहिरातीत हा भेद सहसा दिसत नाही.

4.3 शेजारी राष्ट्रे आणि मॉरिशस : मालदीवच्या शासकीय शाळांत भारतीय शिक्षक दीर्घकाळ शिकवीत आले आहेत, त्यांतील अनेकांची नियुक्ती राजधानीपासून दूरच्या बेटांवर होते. भूतानच्या शासकीय शाळांसाठी भारत सरकारच्या एडसिल या उपक्रमामार्फत शिक्षक निवडले गेले आहेत. दोन शासनांच्या समन्वयातून होणाऱ्या अशा भरतीत मध्यस्थाचा धोका सर्वांत कमी असतो. मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज असून तेथील शाळांत व महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. परंतु हे काम प्रामुख्याने तेथील मराठी भाषक नागरिकच करतात.

4.4 इंग्लंड आणि अमेरिका : इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2023 पासून भारतातील पात्र शिक्षकांना तेथील अधिकृत शिक्षकदर्जासाठी थेट अर्ज करता येतो. भारतीयांसाठी ही सोय गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती मर्यादित आहे. शासनाच्या देखरेखीखालील शाळांत हा दर्जा कालांतराने अनिवार्य ठरतो. स्वतंत्र खासगी शाळा त्याशिवायही नियुक्ती करू शकतात. खासगी शाळेचे दार त्यामुळे सहज उघडते. मात्र दर्जा न मिळविता तेथे वर्षे काढणाऱ्याची पुढील वाट अरुंद होते.

अमेरिकेत तर विभाजनाची रेषाच वेगळी आहे. एच-1बी व्हिसाच्या वार्षिक 85,000 च्या मर्यादेतून 2000 च्या कायद्याने उच्चशिक्षण संस्थांना सूट दिली. ही सूट शासकीय विद्यापीठांना आहे, तशीच ना-नफा तत्त्वावरील खासगी विद्यापीठांनाही आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना मात्र ती नाही. उलट, शासकीय शाळांचे जिल्हे केवळ शासकीय आहेत म्हणून आपोआप सूटपात्र ठरत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारी अध्यक्षीय घोषणा झाली, त्यामुळे संस्थांची निवड आणखी सावध झाली. जे-1 या विनिमय व्हिसावर शिक्षकाला तीन वर्षे, आणि मुदतवाढ मिळाल्यास जास्तीत जास्त पाच वर्षे शिकविता येते. भारत-अमेरिका करसंधीच्या 22 व्या कलमान्वये दोन वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या अध्यापनभेटीचे वेतन तेथील करातून मुक्त आहे. ही सवलतही मान्यताप्राप्त संस्थेसाठी आहे; ती शासकीय की खासगी, हा भेद त्यात नाही.

5. मध्यस्थांचा प्रश्न

शासकीय संस्थेचे नाव घेतले की उमेदवार निर्धास्त होतो आणि मध्यस्थ नेमके याच विश्वासाचा लाभ घेतो. अमेरिकेतील दोन प्रकरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटी या शासकीय शाळाजिल्ह्याने परकीय शिक्षकांकडून व्हिसाचा खर्च वसूल केल्याचे तेथील कामगार विभागाला आढळले. 2011 मध्ये 1,044 शिक्षकांना सुमारे 42 लाख डॉलर परत देण्याचे ठरले आणि त्या जिल्ह्यावर परकीय शिक्षक नेमण्यास दोन वर्षे बंदी आली. लुइझियाना राज्यातील शासकीय शाळांत नेमल्या गेलेल्या सुमारे 350 फिलिपिनी शिक्षकांच्या खटल्यात 2012 मध्ये ज्यूरीने भरती करणाऱ्या कंपनीविरुद्ध 45 लाख डॉलरचा निर्णय दिला. दुसऱ्या प्रकरणातील शिक्षकांनी नोकरीसाठी कर्जे काढली होती. शाळा शासकीय होत्या. पिळवणूक मात्र टळली नाही.

भारतात 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी रोजगारासाठी भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणी करणे बंधनकारक आहे. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर, अशी मर्यादा आहे. यापेक्षा अधिक रक्कम मागणारा एजंट कोणत्याही प्रतिष्ठित संस्थेचे नाव सांगत असला, तरी तेथेच थांबणे श्रेयस्कर होय. शेत गहाण ठेवून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून गेलेला अध्यापक वाईट करारही सोडू शकत नाही. कारण परतला तर कर्ज फेडावयाचे कशातून, हा प्रश्न त्याच्यासमोर असतो.

6. परतीचा प्रश्न

परदेशगमनाच्या चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे परत आल्यानंतर त्या सेवेचे काय होते, ही होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 व 2018 च्या विनियमांत पूर्वसेवेच्या गणनेविषयी स्वतंत्र तरतूद आहे. तीनुसार देशातील वा परदेशातील नियमित सेवा थेट भरती व पदोन्नती यांसाठी विचारात घेता येते. मात्र पद समकक्ष असावे, आवश्यक अर्हता कमी नसावी आणि निवड विहित पद्धतीने झालेली असावी, अशा अटी आहेत. विशेष म्हणजे, पूर्वीची संस्था खासगी, स्थानिक संस्थेची की शासकीय, असा व्यवस्थापनाचा भेद करू नये, असे त्यात स्पष्टपणे नमूद आहे. अतिथी व्याख्याता म्हणून केलेली सेवा मात्र गणली जात नाही.

या तरतुदीतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, "सरकारी ते सरकारी" हे सूत्र खुद्द आयोगालाच मान्य नाही. दुसरा, ज्या अध्यापकाची तासिका तत्त्वावरील वर्षे येथे गणली जात नाहीत, त्याला परदेशातील मान्यताप्राप्त विद्यापीठातील नियमित पद, ते शासकीय असो वा खासगी, अधिक उपयुक्त ठरू शकते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, शाळेतील अध्यापन हे महाविद्यालयीन पदाशी समकक्ष ठरत नाही. नेट-सेट उत्तीर्ण अथवा एम.फिल. झालेला अध्यापक आखातातील शाळेत सहा वर्षे शिकवून परतला, तर त्याच्याकडे बचत असेल. सहायक प्राध्यापकपदासाठी गणली जाणारी सेवा मात्र शून्य असेल. नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीने एम.फिल. अभ्यासक्रम बंद झाला. त्यापूर्वीच्या पदव्या वैध असल्या, तरी या पदवीचे स्वरूप परदेशी संस्थेला पुराव्यासह समजावून सांगण्याची तयारी ठेवावी लागते.

अनुदानित महाविद्यालयातील कायम अध्यापकासाठी गणित निराळे आहे. आयोगाच्या 2018 च्या विनियमांत असाधारण रजेची तरतूद आहे. ही रजा विनावेतन असते. परंतु अध्यापनपदाच्या निमंत्रणावरून मंजूर झालेली रजा वेतनवाढीसाठी धरली जाते. सलग अनुपस्थिती तीन वर्षांहून आणि संपूर्ण सेवेत पाच वर्षांहून अधिक असता कामा नये. ही रजा हक्काने मिळत नाही, ती मंजूर व्हावी लागते. म्हणून व्यवस्थापन व विद्यापीठ यांची लेखी संमती हाती येण्यापूर्वी परदेशातील करारावर स्वाक्षरी करणे धोक्याचे ठरते.

7. निवडीच्या कसोट्या

उपरोक्त विवेचनावरून, प्रस्ताव शासकीय संस्थेचा असो वा खासगी संस्थेचा, पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे मिळविणे आवश्यक ठरते.

(1) करार थेट संस्थेशी आहे की मनुष्यबळ कंपनीशी? मुदत किती, नूतनीकरण कोणाच्या हाती आणि मुदतपूर्व सेवासमाप्तीची पूर्वसूचना किती दिवसांची?

(2) वेतन कोणत्या चलनात लिहिले आहे? त्यातील मूळ वेतन किती? मायदेशी रक्कम पाठविण्यावर निर्बंध आहेत काय?

(3) निवास, वैद्यकीय विमा, कुटुंबाचा व्हिसा आणि वार्षिक विमानप्रवास यांचा खर्च कोण करणार? पारपत्र अध्यापकाच्याच ताब्यात राहणार काय?

(4) तक्रार कोठे करता येते? वेतन थकल्यास दाद मागण्यासाठी कोणती नियामक यंत्रणा उपलब्ध आहे?

(5) पदनाम, श्रेणी, निवडपद्धती आणि वेतन यांचा उल्लेख असलेले अनुभव प्रमाणपत्र मिळेल काय? भारतातील सेवागणनेसाठी हेच कागद उद्या लागणार आहेत.

(6) संशोधन व अभ्याससाहित्य यांवरील हक्क कोणाचा राहील?

याशिवाय पदव्यांच्या साक्षांकनास वेळ लागतो. भारतात अपॉस्टिल करार 2005 पासून लागू आहे. करारात सहभागी नसलेल्या देशांसाठी संबंधित वकिलातीचे साक्षांकन स्वतंत्रपणे घ्यावे लागते. ही प्रक्रिया प्रस्ताव हाती येण्यापूर्वीच सुरू केल्यास घाईत मध्यस्थाच्या हाती जाण्याची वेळ येत नाही.

8. निष्कर्ष

परदेशातील अध्यापनात शासकीय व खासगी हा भेद निरर्थक नाही. शासकीय संस्था धोरणाच्या व राजकोषाच्या बळावर चालते, खासगी संस्था शुल्काच्या बळावर. दोहोंचे धोके त्यामुळे भिन्न असतात. एकीला चलनाचे अवमूल्यन, स्थानिकीकरण आणि राजकीय उलथापालथ यांचा धोका असतो, तर दुसरीला विद्यार्थिसंख्येच्या चढउताराचा. परंतु महाराष्ट्रात 'सरकारी' या शब्दातून जी शाश्वती अभिप्रेत असते, ती परकीय अध्यापकाला दोन्हींकडे अभावानेच मिळते.

तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाने उच्चशिक्षणातील नियमित पदाला, मग ते कोणत्याही व्यवस्थापनाचे असो, अग्रक्रम द्यावा. महाविद्यालयीन पदाची आकांक्षा नसलेल्या बी.एड. धारकाने चांगली नियामक यंत्रणा असलेल्या देशातील खासगी शाळेचा विचार निःसंकोचपणे करावा. कायम अध्यापकाने मंजूर रजेच्या मर्यादेत बसणारा, शक्यतो दोन शासनांच्या समन्वयातून आलेला करार निवडावा. महाविद्यालयांनीही या प्रश्नाकडे केवळ व्यक्तिगत बाब म्हणून पाहणे योग्य नव्हे. करारनाम्याचे वाचन, साक्षांकन आणि सेवागणना यांविषयी मार्गदर्शन करणारा एखादा जाणकार सहकारी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असेल, तर अध्यापकाला कर्जाच्या ओझ्याखाली दबून निर्णय घेण्याची पाळी येणार नाही. पात्रताधारक तरुणांना सन्मानाने शिकविण्याची जागा आपल्याच परिसरात का मिळत नाही, हा मूळ प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहतो. त्याचे उत्तर परदेशातील कोणत्याही करारात सापडणार नाही.